रक्तातील साक्ष आणि घरातील वही

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत ज्यांची उभी हयात तीन पाळ्यांच्या भोंग्यांवर गेली, त्या निवृत्त कामगारांना वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचा पुरावा दप्तरी रुजू करावा लागतो. हयातीचा दाखला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विधीसाठी पूर्वी बँकेतील साहेबासमोर सही करावी लागे. आता यंत्रावर अंगठा टेकला की काम भागते. त्या यंत्राला कळते ते एवढेच, की हा अंगठा अमुक इसमाचा आहे आणि तो इसम आज हयात आहे. त्या इसमाला घरचा रस्ता आठवतो की नाही, नातवाचे नाव वेळेवर सुचते की नाही, याची नोंद त्या दाखल्यात होत नाही आणि व्हावी अशी कोणाची अपेक्षाही नसते. अल्झायमर रोगाच्या ज्या जैविक खुणांविषयी अलीकडे वृत्तपत्रांतून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांतून इतके काही वाचावयास मिळते, त्यांचा विचार करताना मला हा अंगठा हटकून आठवतो. कारण त्या खुणाही एका नेमक्या प्रश्नाचे नेमके उत्तर देतात, आणि आपण मात्र त्यांच्याकडून भलत्याच प्रश्नाचे उत्तर वसूल करू पाहतो.

सातपूरला हा विषय आता परका राहिलेला नाही. १९६० नंतरच्या दशकांत त्र्यंबक रस्त्याच्या दुतर्फा कारखाने उभे राहिले, खानदेशातून, मराठवाड्यातून, कसमादे पट्ट्यातून तरुण मंडळी वळकट्या घेऊन आली, कोणी आयटीआयच्या प्रमाणपत्रावर तर कोणी नुसत्या गाववाल्याच्या ओळखीवर यंत्रापाशी उभा राहिला, घरे झाली, मुले शिकली. आणि तीच तरुण मंडळी आज पंचाहत्तरीच्या आगेमागे आहे. देशभरातील वृद्धांच्या पाहणीवरून २०२३ साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार साठ वर्षांवरील भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसे, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. येथे एक भेद आरंभीच ध्यानात घ्यावा. स्मृतिभ्रंश ही अवस्था आहे, ताप ही जशी अवस्था आहे तशी; अल्झायमर हा ती अवस्था आणणाऱ्या अनेक रोगांपैकी सर्वांत अधिक आढळणारा एक रोग आहे. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या विकारानेही स्मृतिभ्रंश होतो, इतर काही रोगांनीही होतो, आणि पुष्कळदा वृद्ध मेंदूत दोन-तीन कारणे एकत्र नांदत असतात.

आपल्या भाषेत या अवस्थेला नावांची वाण कधीच नव्हती. म्हातारचळ म्हणा, साठी बुद्धी नाठी म्हणा. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द तर थेट गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला, पण तेथे तो क्रोधाने भान हरपलेल्या माणसाविषयी आला आहे, रोगाविषयी नव्हे. या साऱ्या नावांत एक प्रकारची समजूत दडलेली आहे, की वय झाले म्हणजे असे व्हायचेच. ती समजूत मोडण्याचे काम मराठीत डॉक्टरांच्या व्याख्यानांहून कदाचित सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटाने अधिक केले असेल. हत्तीमागून वाट चुकत जाणारे संस्कृतचे वृद्ध पंडित त्यात मोहन आगाशे यांनी उभे केले आहेत, आणि आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत हे वाचकांस ठाऊक असेलच.

हा वार्धक्याचा स्वाभाविक धर्म नसून मेंदूतील रोग आहे, हे प्रथम सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते एका वृद्धेच्या नव्हे तर मध्यमवयीन स्त्रीच्या मेंदूत. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात एक्कावन्न वर्षांची एक बाई दाखल झाली. तिची स्मृती, वाणी आणि दिशांचे भान ही सारी ढासळत चालली होती. १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा तिला पूर्वी तपासलेल्या आलॉइस अल्झायमर या वैद्याने तिच्या मेंदूचे पातळ काप रंगवून पाहिले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ट्यूबिंगनच्या सभेत आपले निरीक्षण मांडले. पेशींच्या बाहेर साचलेले गोळे आणि पेशींच्या आत पडलेला गुंता, अशा दोन गोष्टी त्याला दिसल्या. त्यांतील गोळे अ‍ॅमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे असतात आणि गुंता टाउ नावाच्या प्रथिनाचा, हा उलगडा व्हायला मात्र १९८० नंतरचे दशक उजाडावे लागले. तोवर, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे, या रोगाचे निश्चित निदान रुग्णाच्या मृत्यूनंतरच होऊ शके. जिवंतपणी वैद्य जे सांगत तो अनुभवाने केलेला तर्क असे, आणि तो कधी कधी चुके. जैविक खुणांचे सारे महत्त्व यातच आहे, की जे एकेकाळी केवळ शवविच्छेदनाच्या मेजावर दिसत असे, त्याची चाहूल त्या जिवंत माणसाच्या पाठीच्या पाण्यात, छायाचित्रात किंवा रक्तात लागू लागली.

या खुणा कशा वाचतात, हे सांगण्यासाठी मला दूर जावे लागत नाही. गंगापूर धरणात पुराबरोबर आलेला गाळ साचून राहतो, तेव्हा खाली वाहणाऱ्या गोदावरीत तो गाळ कमी येतो. म्हणजे खालच्या पाण्यातील गाळ घटला, तर तो वर कोठेतरी अडकतो आहे असे समजावे. मेंदू आणि मज्जारज्जू यांभोवती खेळणाऱ्या द्रवात अ‍ॅमिलॉइडच्या बेचाळीस दुव्यांच्या प्रकाराचे प्रमाण अल्झायमरमध्ये वाढत नाही, उलट घटते, ते याच कारणाने. चिकट प्रथिन मेंदूत साचू लागले म्हणून ते खाली वाहून येईनासे झाले. पुष्कळ सुशिक्षित माणसेही अहवालात हा आकडा कमी पाहून समाधानाचा निःश्वास टाकतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. माणसागणिक हे प्रथिन कमीअधिक तयार होत असल्याने त्याच्याच चाळीस दुव्यांच्या भावंडाशी गुणोत्तर काढतात, आणि एकट्या आकड्याहून ते गुणोत्तर अधिक भरवशाचे असते.

टाउची गोष्ट निराळी. सातपुरातील नाईस औद्योगिक वसाहतीतल्या कोणत्याही जुन्या फिटरला विचारा; गिअरबॉक्सचे तेल काढले, की तो आधी तेलाचा रंग पाहत नाही, तेलात काय आले आहे ते पाहतो. लोखंडाचा चुरा आला तर कोठेतरी काहीतरी झिजते आहे एवढे त्याला समजते, पण पिवळी चकाकी दिसली तर गनमेटलचा बुश गेला हे तो झाकण न उघडता सांगतो. रक्तात मिळणाऱ्या खुणांतही असा भेद आहे. न्यूरोफिलामेंट नावाचे प्रथिन वाढले तर मज्जातंतू कोठेतरी झिजत आहेत एवढेच कळते. पक्षाघाताने झिजोत, डोक्याच्या माराने झिजोत की अन्य कोणत्या रोगाने, ते प्रथिन सांगत नाही. याउलट टाउच्या साखळीतील २१७व्या दुव्यावर फॉस्फेटचा कण चिकटलेला जो प्रकार, ज्याला पी-टाउ २१७ म्हणतात, तो रक्तात वाढलेला दिसला तर मेंदूत अ‍ॅमिलॉइड साचून अल्झायमरची प्रक्रिया चालू असण्याचा संभव पुष्कळच बळावतो. तो गनमेटलचा चुरा होय. परंतु गिअरबॉक्स आणखी किती वर्षे चालेल, हे मात्र तेल पाहून फिटरही सांगत नाही.

आता या खुणा शोधण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली वाट पाठीच्या मणक्यातून पाणी काढण्याची. हिचे नाव काढले की घरोघर धसका बसतो, कारण ‘मणक्यात सुई घातली आणि पाय गेले’ अशी एखादी कथा प्रत्येक गल्लीत फिरत असते. वस्तुतः मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्याही खाली ही सुई घातली जाते. नंतर काहींना दोन-चार दिवस डोकेदुखी होते, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ती आधी डॉक्टरांना सांगणे अत्यावश्यक असते. एक बारीकसा पण महत्त्वाचा तपशील असा, की अ‍ॅमिलॉइड काचेला आणि काही जातींच्या प्लॅस्टिकला चिकटून बसते, त्यामुळे नमुना पॉलिप्रॉपिलीनच्या नळीतच घ्यावा लागतो. भलत्या नळीत घेतला तर निरोगी माणसाचाही आकडा घसरतो. ही चौकशी करण्यास रुग्णाच्या नातलगाने भीड बाळगू नये.

दुसरी वाट पेट छायाचित्राची. त्यात अ‍ॅमिलॉइडला जाऊन चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात आणि ते मेंदूत कोठे साचले ते पाहतात. या द्रव्यांतील फ्लुओरिनचा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटांचा. मुंबईहून निघालेली कुपी कसारा घाट चढून चार तासांनी नाशकात पोचली, तर निघतानाच्या मात्रेचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. २००४ साली ज्या पहिल्या द्रव्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यातील कार्बनचा अर्धायुकाल तर वीसच मिनिटांचा, म्हणजे ते इगतपुरीही गाठणार नाही. ही तपासणी खर्चिक का आणि मोठ्या शहरांतच का, याचे अर्धे उत्तर या गणितात आहे.

तिसरी वाट रक्ताची, आणि सध्या सारा गाजावाजा हिचाच. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पी-टाउ २१७ आणि अ‍ॅमिलॉइड यांच्या गुणोत्तरावर आधारलेल्या एका रक्तचाचणीस प्रथमच मान्यता दिली. ४९९ रुग्णांच्या नमुन्यांवर ती पारखली गेली. ज्यांचा निकाल होकारार्थी आला अशांपैकी ९१.७ टक्क्यांत पेट छायाचित्राने किंवा पाठीच्या पाण्याने अ‍ॅमिलॉइडची खात्री पटली, नकारार्थी आलेल्यांपैकी ९७.३ टक्क्यांत ते नसल्याचे ठरले, आणि वीस टक्क्यांहून थोड्या कमी रुग्णांच्या बाबतीत निकाल ‘अनिश्चित’ असा मधल्या पट्ट्यात पडला. आकडे प्रशंसनीय आहेत यात शंका नाही. परंतु मान्यतेच्या त्या हुकमात एक अट आहे, आणि ती निरोपांतून फिरताना गळून पडते: ही चाचणी पंचावन्न वर्षांवरील, आणि ज्यांच्यात विस्मरणाची लक्षणे आधीच दिसत आहेत, अशांसाठीच आहे.

या अटीचे मर्म समजल्याखेरीज कोणी बाही वर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. समजा, कोणतीही तक्रार नसलेली हजार माणसे एका शिबिरात जमली, आणि त्यांपैकी पन्नासांना खरोखर हा विकार आहे. चाचणी शंभरातल्या नव्वद रुग्णांना ओळखते आणि शंभरातल्या नव्वद निरोग्यांना निरोगी म्हणते, असे धरा. तर पन्नासांपैकी पंचेचाळीस सापडतील हे खरे, पण उरलेल्या ९५० निरोग्यांपैकी ९५ जणांनाही तीच चाचणी रोगी ठरवील. म्हणजे होकारार्थी कागद हाती पडलेल्या १४० माणसांत खरे रुग्ण एक-तृतीयांशाहूनही कमी. चाचणी तीच, यंत्र तेच, फक्त प्रश्न विचारला तो चुकीच्या दारात. शिवाय ज्यांना अ‍ॅमिलॉइड खरोखरच आहे तेही सारे स्मृतिभ्रंशाकडे जातात असे नाही; बुद्धी शाबूत असलेल्या माणसांची पेट छायाचित्रे व द्रवाचे नमुने जगभरातून एकत्र करून पाहिले असता पन्नाशीत दहा टक्क्यांच्या, तर नव्वदीत ४४ टक्क्यांच्या मेंदूत अ‍ॅमिलॉइड आढळले, आणि ही माणसे आपला हिशेब आपण ठेवीत होती.

तज्ज्ञांतही यावरून दोन तट आहेत. २०२४ साली अमेरिकेतील अल्झायमर्स असोसिएशनच्या कार्यगटाने असे मांडले, की हा रोग जैविक खुणांवरूनच ठरवावा, लक्षणे असोत वा नसोत. उलट आंतरराष्ट्रीय अभ्यासकांच्या दुसऱ्या गटाचे म्हणणे, की लक्षणे नसताना केवळ खूण सापडली तर त्या माणसाला रोगी न म्हणता जोखमीतला म्हणावे. संशोधनाच्या सोयीसाठी पहिले मत उपयुक्त असेलही. पण ज्या घरात ‘वडिलांना अल्झायमर निघाला’ हे वाक्य उच्चारले जाताच मुलीच्या स्थळांची चौकशी थांबते, त्या घरासाठी मी दुसऱ्या मताच्या बाजूने कौल देईन.

माझ्या परिचयातील एका कुटुंबाची हकिकत येथे सांगण्याजोगी आहे. एकाहत्तर वर्षांचे हे गृहस्थ आयुष्यभर प्रेस शॉपमध्ये राबलेले. वर्षभरात त्यांचे विसरणे वाढले. एकदा पहाटे साडेपाचला उठून पहिल्या पाळीला जाण्यासाठी त्यांनी कपडे चढवले, तेव्हा मुले घाबरली आणि कोणा डॉक्टरला न विचारता त्यांनी परस्पर रक्त तपासणीस दिले. नमुना बाहेरगावी गेला, अहवाल आला, आणि तो नेमका त्या मधल्या पट्ट्यातला. तीन आठवडे घर सुतकात असल्यासारखे वागत होते. शेवटी एका ज्येष्ठ डॉक्टरने शांतपणे विचारपूस केली तेव्हा निष्पन्न झाले, की गृहस्थ दोन वर्षे झोपेच्या गोळ्या घेत होते, बी-१२ जीवनसत्त्व फारच उतरले होते, आणि यंत्रांच्या आवाजाने कान इतके बाद झाले होते, की जे ऐकूच आले नाही ते ‘विसरले’ म्हणून त्यांच्या खाती जमा होत होते. गोळ्या हळूहळू बंद झाल्या, इंजेक्शने सुरू झाली, कानाला यंत्र लागले. चार-सहा महिन्यांत ते बरेच सावरले. त्यांना पुढे अल्झायमर होणारच नाही, असे कोणी म्हणत नाही. पण त्या अहवालाने जे तीन आठवडे घेतले, ते अकारण घेतले.

म्हणून क्रम महत्त्वाचा, आणि त्या क्रमात सर्वांत आधी येते ती दोनशे पानी वही. माणूस किल्ली कोठे ठेवली ते विसरला, तर त्याची नोंद नको. किल्ली हातात घेऊन ती कशासाठी आहे याचा विचार करू लागला, तर तारीख घालून लिहावे. चाळीस वर्षे ज्या वाटेने अशोकनगरहून रविवार कारंज्यावर गेला त्या वाटेने परत येता आले नाही, वीजबिल एकाच महिन्यात दोनदा भरले, पुरणाचा घाट ज्या बाईच्या हातचा गल्लीत नावाजलेला तिला पुरण शिजवल्यावर पुढे काय करायचे ते उमगेना, तोच प्रश्न पाव तासात चौथ्यांदा आला, अशा गोष्टी प्रसंगासह टिपाव्यात. आदल्या रात्री झोप झाली होती का, ताप होता का, नवी गोळी सुरू झाली होती का, तेही लिहावे. हा विकार महिन्या-वर्षांच्या गतीने येतो. उलट दोन-चार दिवसांत जर माणूस एकदम बरळू लागला, दिवस-रात्रीचे भान सुटले, किंवा बोलणे अडखळून तोंड वाकडे झाले, तर वही बाजूस ठेवून त्याच दिवशी, त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. ते लघवीतील जंतुसंसर्ग, रक्तातील मिठाचे घटलेले प्रमाण किंवा पक्षाघात यांपैकी काही असू शकते.

वही दोन-तीन महिन्यांची झाली, की डॉक्टरांकडे जावे. सातपूरमध्ये राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. पाच वर्षे तरी विमापात्र नोकरी करून वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगारास वार्षिक १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पत्नीसाठी या योजनेचा वैद्यकीय लाभ पुढेही घेता येतो, ही गोष्ट निवृत्तीच्या गडबडीत अनेकांच्या ध्यानातून निसटते. डॉक्टर प्रथम बोलतील, मग स्मृतीची छोटी परीक्षा घेतील. या परीक्षांपैकी सर्वांत प्रसिद्ध ती १९७५ साली अमेरिकेत रचलेली; तीत लिहिण्या-वाचण्याचे प्रश्न असल्याने शाळेची पायरी न चढलेला शहाणा माणूसही नापास होतो. हरियाणातील बल्लभगढच्या खेड्यांत काम करणाऱ्या संशोधकांनी १९९५ साली निरक्षरांसाठी तिचे हिंदी रूप सिद्ध केले ते याच अडचणीमुळे. आपल्याकडे आणखी एक अडचण असते. धुळ्या-जळगावकडून आलेल्या वृद्धाला प्रमाण मराठीत विचारलेला प्रश्न परका वाटतो आणि तो गप्प बसतो. तोच प्रश्न अहिराणीत विचारला की उत्तर चटकन येते. म्हातारपणी आणि विशेषतः या आजारात आईची भाषाच शेवटपर्यंत साथ देते, तेव्हा दुभाष्याचे काम घरच्यांनी अवश्य करावे, उत्तर मात्र सुचवू नये.

त्यानंतर साध्या तपासण्या: बी-१२, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, सोडियम, कॅल्शियम, मूत्रपिंडाचे कार्य. मग मेंदूचे सीटी किंवा एमआरआय, ज्यात पडल्यामुळे कवटीखाली साकळलेले रक्त, जुने लहान लहान पक्षाघात, गाठ, किंवा मेंदूतील पोकळ्यांत तुंबलेले पाणी दिसून येते. यांतील काही गोष्टी शस्त्रक्रियेने सुधारतात. स्मृतीचे केंद्र असलेला हिप्पोकॅम्पस आकसला आहे काय, तेही या चित्रांत पाहता येते. मनाची उदासी हीदेखील विस्मरणाचे सोंग घेऊन येते, विशेषतः जोडीदार गेल्यानंतरच्या वर्षात, आणि तिच्यावर उपचार आहेत.

एवढे सारे होऊनही प्रश्न उरला, तरच मेंदूविकारतज्ज्ञाकडे जैविक खुणांचा विषय काढावा, आणि तो काढताना स्वतःस विचारावे, की होकार आला तर मी काय निराळे करणार आणि नकार आला तर काय. पासष्टीच्या आत लक्षणे सुरू झाली असतील, लक्षणे नेहमीच्या साच्यात बसत नसतील, किंवा अ‍ॅमिलॉइड काढून टाकणाऱ्या नव्या औषधांचा विचार चालू असेल, तर ही तपासणी सार्थ ठरते. त्या औषधांविषयीही भ्रम नसावा. त्यांतील लेकानेमॅब या औषधाने प्रारंभिक अवस्थेतील रुग्णांची घसरण दीड वर्षात सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. थांबली नाही, गेलेली स्मृती परतली नाही, आणि मेंदूत सूज व सूक्ष्म रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावे लागतात. उलट ऐंशी वर्षांच्या माणसाचा विकार पुढच्या टप्प्यात गेला असेल, वही, परीक्षा आणि एमआरआय एकच गोष्ट सांगत असतील, तर आणखी एक कागद मिळवून त्याच्या शुश्रूषेत कणभरही फरक पडत नाही. तो पैसा रात्रीच्या मदतनिसासाठी राखून ठेवावा.

रक्त दिलेच, तर मूत्रपिंडाचा विकार असल्यास तो डॉक्टरांना अवश्य सांगावा, कारण मूत्रपिंड मंदावले की पी-टाउ मेंदूत काही नसतानाही रक्तात वाढतो. वजनाचाही या आकड्यांवर परिणाम होतो. मधुमेह आणि त्यातून मूत्रपिंडाचे विकार आपल्याकडे किती, हे सांगावयास नको, आणि या चाचण्यांच्या सीमारेषा बहुतांशी पाश्चात्त्य रुग्णांवरून आखलेल्या आहेत. दोन प्रयोगशाळांचे आकडे परस्परांशी ताडून पाहू नयेत, पद्धती निराळ्या असतात. जनुकांविषयी एकच सूचना: एपीओई-४ नावाचे जनुक असणे म्हणजे जोखीम वाढणे, रोग होणे नव्हे. बल्लभगढच्या अभ्यासात ते पाश्चात्त्यांच्या मानाने कमी आढळले, पण जेथे आढळले तेथे त्याची जोखीम तेवढीच होती. चाळिशी-पन्नाशीतच पिढ्यान्‌पिढ्या हा रोग उतरत आलेली कुटुंबे अगदी विरळ. तसे घराणे नसेल तर मुलांचे जनुक तपासण्याच्या फंदात पडू नये. मुलांनी काही करायचेच असेल तर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल आवरावे, तंबाखू सोडावी, आणि जे आजही प्रेस शॉपमध्ये उभे आहेत त्यांनी कानांत बोंडे घालावीत. लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ साली जी चौदा टाळण्याजोगी कारणे गणली, त्यांत श्रवणनाशाला मानाचे स्थान आहे.

निदान पक्के झाले, तर तातडीने करावयाची एक गोष्ट वैद्यकाच्या कक्षेबाहेरची आहे. वडिलांकडून मुखत्यारपत्र करून घेतले की झाले, असे समजणारे अनेक आहेत. परंतु १८७२ च्या करार कायद्याच्या २०१व्या कलमान्वये मुखत्यार नेमणाऱ्याची बुद्धी अस्थिर झाली की ती मुखत्यारी संपुष्टात येते, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच तो दस्तऐवज निकामी होतो. म्हणून मृत्युपत्र, बँकेतील नामनिर्देशन, संयुक्त खाते आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार नेमावयाचा प्रतिनिधी, या गोष्टी रुग्णाला स्वतःची इच्छा सांगता येते तोवर, त्याला विचारून, वकिलाच्या सल्ल्याने उरकाव्यात. लवकर झालेल्या निदानाचा आज आपल्याकडे सर्वांत खरा उपयोग कोणता, असे कोणी विचारले तर मी औषधाचे नाव घेण्याआधी याचे घेईन.

दुसरा उपयोग सांभाळणाऱ्यासाठी. गोव्यात झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८१ कुटुंबे घेतली होती. अल्प प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन नातलगांना हा रोग समजावून देत, चिडलेल्या वृद्धाशी कसे बोलावे ते दाखवीत, आणि एवढ्याने सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण लक्षणीय हलका झाला. आपल्या गल्लीत तशी योजना नसली, तरी वृद्धांसाठीच्या १४५६७ आणि मानसिक आरोग्याच्या १४४१६ या सरकारी दूरध्वनींवर मराठीतून बोलता येते. आणि आणखी एक खबरदारी: सिंहस्थ तोंडावर आला आहे. त्र्यंबकेश्वराचा रस्ता सातपुरातूनच जातो. विस्मरणाचा आजार असलेल्या माणसाला गर्दीत नेऊ नये हे उत्तम, पण नेलेच तर नाव आणि दूरध्वनी लिहिलेली कापडी पट्टी सदऱ्याच्या आतून शिवून टाकावी. खिशातली चिठ्ठी पडते, गळ्यातला बिल्ला तो काढून टाकतो.

डॉक्टरांकडे जाण्याच्या दिवशी वही घ्यावी, घरात चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या, आयुर्वेदिक पुड्यांसह, एका पिशवीत भराव्यात, चष्मा आणि कानाचे यंत्र विसरू नये. आणि डॉक्टरांच्या मेजालगतची खुर्ची मुलाने अडवून न ठेवता ती वडिलांस द्यावी, काय होते आहे ते आधी त्यांनाच सांगू द्यावे, मध्येच दुरुस्ती करू नये. त्यांचे बोलून झाल्यावर, ते बाहेर बाकावर बसलेले असताना, वही उघडावी.